दोन हजारांच्या आत वायरचे इन-इअर: गेम आणि गाणी दोन्हीला चालतील असे कोणते?

राजारामपुरी_आठवी_गल्ली

नमस्कार मंडळी. वायरचे इन-इअर (कानाच्या आत बसणारे इअरफोन) घ्यायचेत. बजेट दोन हजार, फार तर शंभर-दोनशे वर. फोनवर बीजीएमआय, लॅपटॉपवर व्हॅलोरंट आणि उरलेला वेळ गाणी. गाण्यांत लावणी आणि हलगी-घुमकं जास्त. फोनला ३.५ मिमीचा जॅक नाही, टाइप-सी आहे. लॅपटॉपला एकच जॅक आहे. टीममध्ये बोलायला माइक लागणार. एकजण म्हणतो गेमला दणदणीत बास पाहिजे, दुसरा म्हणतो बास असला तर पावलं ऐकू येत नाहीत. खरं काय? ब्लूटूथ नको, एवढं नक्की आहे.

तिकटीवरचा_ट्वीटर

ब्लूटूथ नको हे बरोबरच केलंस भावा. साध्या एसबीसी कोडेकवर (ब्लूटूथनं आवाज पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) आवाज कानापर्यंत यायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० चित्रं) एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे आवाज नऊ ते पंधरा फ्रेम मागं. त्यात माइक चालू केला की बहुतेक ब्लूटूथ जोड्या कॉलच्या मोडमध्ये जातात आणि आवाज मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच, होतो. मग डावं-उजवं कळायचं कुठलं?

आता बासचं. दुसरा म्हणतोय ते खरं आहे, पण अर्धवट. पावलांचा जो भाग दिशा सांगतो, तो मधल्या आणि वरच्या पट्टीत असतो, ढोबळ मानानं १ ते ५ किलोहर्ट्झमध्ये. ग्रेनेड, गाडीचं इंजिन, झोन हे सगळं खालच्या पट्टीत. खालची पट्टी फुगवलेली असली की ती वरच्या बारीक आवाजावर बसते आणि पाऊल दबतं. बास असावा, पण मधली पट्टी झाकणारा नसावा. "गेमिंग" हा शब्द खोक्यावर आहे की नाही यानं काहीच ठरत नाही.

तुझ्या बजेटात मी हे बघेन:

मूनड्रॉप चू २. १० मिमीचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर (आवाज काढणारा पडदा), १८ ओहम. आवाज स्वच्छ, वरची पट्टी थोडी उजळ. पावलांना उत्तम.

सेव्हन-हर्ट्झ झीरो २. ३२ ओहम. बास पहिल्या झीरोपेक्षा वाढवलाय, वरची पट्टी मवाळ आहे. चार-चार तास लावून बसणाऱ्याला बरा.

टँगझू वानर एसजी. २० ओहम. गाणाऱ्याचा गळा पुढं येतो, वरची पट्टी मऊ.

ट्रूथिअर गेट. समतोल आवाज, कुठलीच पट्टी अंगावर येत नाही.

केझेड ईडीएक्स प्रो. सगळ्यात स्वस्त. बास आणि ट्रेबल (वरची पट्टी) दोन्ही वर, मधला भाग खाली. गाणी पहिल्या दहा मिनिटांत भारी वाटतात, गेमला मात्र इक्वलायझर (पट्ट्या कमी-जास्त करायची सोय) लावूनच.

चौघांचीही वायर वेगळी निघते आणि केझेडचीही. या भावात हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. मरते ती वायरच, ड्रायव्हर सहसा मरत नाही.

हलगी_कैताळ

चू २ च्या नावाला माझा एक आक्षेप. ज्याला हलगी ऐकायची आहे त्यानं आधी पाच मिनिटं हलगीच लावून बघावी. हलगी-घुमकं-कैताळ या तिघांत इन-इअरची पूर्ण परीक्षा होते. घुमकं खालची पट्टी दाखवतं: नुसतं "भुम्म" होऊन लांबत जात असेल तर बास सैल आहे, ठोका पडून जागेवर थांबला तर घट्ट आहे. कैताळ वरची पट्टी दाखवतो, वाळू चाळल्यासारखा "स्स्स" आला तर ट्रेबल कच्चं. आणि हलगीची टिपरी चामड्यावर पडते तो "टण्" साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असतो. नेमकी तीच पट्टी कानाला सगळ्यात लवकर बोचते. खासबागेतल्या कुस्तीचं एखादं चांगलं रेकॉर्डिंग घ्या आणि नेहमीच्या आवाजावर सलग ऐका. चू २ वर हलगी स्पष्ट येते यात वाद नाही, पण आवाज वर केला की टोचते. लावणी-हलगीवाल्याला वानर किंवा झीरो २. वानरवर ढोलकीची चाटी छान उठते, बायाचा घुमाराही सुटत नाही.

तिकटीवरचा_ट्वीटर

मान्य. पण टोचणं निम्म्या वेळा टिप्समुळं (कानात जाणाऱ्या रबरी टोप्यांमुळं) असतं. कानात नीट न बसलेल्या इन-इअरचा बास गळतो आणि मग उरतं नुसतं ट्रेबल. लोक म्हणतात मॉडेल कर्कश आहे.

गोकुळ_शिरगाव_सोल्डर

मॉडेल ठरवायच्या आधी जॅकचं बघा. परत येणाऱ्या मालात खराब पीस थोडे, चुकीचं जोडलेले जास्त असतात.

पिन हातात घेऊन उजेडात धरा. काळ्या रिंगा दोन असतील तर संपर्क तीन: डावा, उजवा, ग्राउंड. माइक नाही. रिंगा तीन असतील तर संपर्क चार, माइक आहे. टोकापासून क्रम डावा, उजवा, ग्राउंड, माइक असा असतो. एकच जॅक असलेल्या लॅपटॉपला ही चार संपर्कांची पिन थेट चालते. डेस्कटॉपला हिरवा आणि गुलाबी असे दोन वेगळे जॅक असतात, तिथं स्प्लिटर लागतो. दुकानात "स्प्लिटर द्या" एवढंच म्हणू नका. दोन जणांनी एका फोनवर गाणी ऐकायचा स्प्लिटरही तसाच दिसतो, आणि तोच हातात पडतो. "एक मादी, दोन नर, हेडफोन आणि माइक वेगळे" असं सांगा. दोन नर पिनांवर हेडफोन आणि माइकची चित्रं असतात, ती बघूनच पैसे द्या.

टाइप-सी डोंगल, म्हणजे टाइप-सीला ३.५ मिमीचा जॅक देणारा जोड, दोन जातीचे. एकात चिप नसते, नुसत्या तारा जोडलेल्या असतात. तो फक्त ज्या फोनच्या पोर्टमधून ॲनालॉग आवाज बाहेर येतो तिथंच चालतो, आणि अनेक फोनमधून तो येत नाही. दुसऱ्यात डॅक चिप (डिजिटल आवाजाचा ॲनालॉग करणारी) असते. तो फोनला चालतो, लॅपटॉपलाही चालतो. दुकानात ओळखायची सोपी रीत: डोंगल लॅपटॉपच्या टाइप-सीला लावून बघा. साउंड डिव्हाइसच्या यादीत नवं नाव आलं तर चिप आहे. काहीच आलं नाही तर ठेवून द्या. सीएक्स३१९९३ चिपवाले साधे डोंगल या इन-इअरना रग्गड झाले, वेगळा ॲम्प अजिबात नको. ॲपलचा डोंगल चांगला आहे, पण अँड्रॉइडवर त्याचा आवाज बराच कमी मिळतो.

डोंगल घेताना अजून तीन गोष्टी. एक, माइक पुढं जातो का ते विचारा, सगळ्यांत जात नाही. दोन, फोन आडवा धरला की पोर्ट तळहाताखाली येतो, म्हणून डोंगल वायरवाला किंवा एल आकाराचा घ्या. सरळ कडक डोंगल तळव्यात रुततो आणि पोर्टवर जोर येतो. पोर्ट सैल झाला की खेळता खेळता आवाज तुटायला लागतो. तीन, डोंगल लावला की चार्जिंगचं पोर्ट अडलं. एका बाजूनं चार्जिंग देणारे दुहेरी डोंगल मिळतात, पण त्यात चार्जरची घरघर मिसळायची शक्यता असते. फोन आधी भरून घेणं बरं.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

डोंगलची ही परीक्षा माहीतच नव्हती. मग टाइप-सी पिनचेच इन-इअर घेतले तर? चू २ चं डीएसपी व्हर्जन दिसतंय, त्याला माइक पण आहे.

गोकुळ_शिरगाव_सोल्डर

चालेल. डॅक वायरीतच आहे आणि ॲपमधून इक्वलायझर बदलता येतो. लॅपटॉपलाही लागेल. पण ती वायर गेली की डॅकही गेला. साधी वायर तीन-चारशेत बदलते. डोंगल वेगळा असला तर पुढच्या इन-इअरलाही तोच लागतो. मी वेगळाच घेईन.

पंचगंगेचा_काठ

टिप्सचा विषय वर एका ओळीत संपवलाय, पण निम्मा आवाज तिथंच ठरतो. खोक्यात लहान-मध्यम-मोठ्या अशा तीन जोड्या येतात आणि बहुतेक जण कारखान्यातून लावून आलेल्या मधल्याच वापरत राहतात.

घालायची पद्धत: वायर कानामागून पुढं घ्यायची. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागं ओढायची, म्हणजे कानाची वाट सरळ होते. मग इन-इअर थोडं पुढं फिरवून आत ढकलायचं आणि पाळी सोडायची. आता ५० हर्ट्झचा टोन लावा, यूट्यूबवर ढिगानं आहेत. टोन चालू असताना बोटानं इन-इअर हलकेच आत दाबा. दाबल्यावर आवाज एकदम वाढला तर सील नाही, म्हणजे कुठंतरी फट आहे, एक साइज मोठी टिप घ्या. फरक पडला नाही तर सील बरोबर आहे. प्रत्येक कान वेगळा तपासा. डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठी लागणं अगदी नेहमीचं आहे.

सिलिकॉननं कान खाजत असेल किंवा सारखं निसटत असेल तर फोमच्या टिप्स. दोन बोटांत चुरगाळून घालायच्या आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद धरून ठेवायच्या. फोम वरची पट्टी किंचित शोषतो, म्हणून वर ज्यांना चू २ टोचतंय त्यांनी आधी हे करून बघावं. पण फोम काही महिन्यांत कडक होतो आणि धुता येत नाही.

घालताना "कट्ट" असा आवाज आला तर घाबरू नका. आत दाबलेल्या हवेनं ड्रायव्हरचा पडदा वाकतो, त्याचा तो आवाज. सावकाश घाला, तोंड थोडं उघडं ठेवा. टिप नळीवर अगदी आतपर्यंत गेलीय ना तेही बघा. अर्धवट बसलेली टिप काढताना कानातच राहते.

शाहूपुरी_पिंग

सेटिंगचं मी सांगतो. व्हॅलोरंटमध्ये ऑडिओत एचआरटीएफ चालू करा आणि स्पीकर स्टिरिओ ठेवा. एचआरटीएफ म्हणजे आवाज कोणत्या बाजूनं आला तर दोन कानांत वेळेचा आणि पट्टीचा किती फरक पडतो, त्याचं गणित. गेम ते स्वतः करतो. त्यावर विंडोजचं स्पेशियल साउंड किंवा ७.१ चालू ठेवलं तर तेच गणित दोनदा होतं. आवाज डोक्याभोवती पसरतो आणि मागचा-पुढचा फरक जातो. म्हणून विंडोजचं स्पेशियल साउंड बंद. साउंड प्रॉपर्टीजमध्ये २४ बिट, ४८००० हर्ट्झ. ऑडिओ एन्हान्समेंट्सही बंद करा.

इक्वलायझर एपीओ हे विंडोजचं सॉफ्टवेअर आणि ते सोपं करून दाखवणारा पीस हा त्याचा मुखवटा टाका, दोन्ही फुकट. इन्स्टॉल करताना यादीत तुमच्या हेडफोनच्या डिव्हाइसवर खूण करायची आणि लॅपटॉप रीस्टार्ट करायचा. मग १०० हर्ट्झच्या आसपास उणे ३ डीबी, ३ किलोहर्ट्झला अधिक ३ डीबी. प्रीॲम्प (एकूण आवाजाची पातळी) उणे ४ ठेवा, नाहीतर वाढवलेल्या पट्टीवर स्फोटाचा आवाज फाटतो. हे "गेम" नावानं सेव्ह करा आणि गाण्यांना दुसरं प्रोफाइल ठेवा. हलगीला ही ३ किलोहर्ट्झची वाढ नको.

गोकुळ_शिरगाव_सोल्डर

एक दुरुस्ती. ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद केल्या की इक्वलायझर एपीओही बंद पडतो, कारण तो त्याच वाटेनं बसतो. "पीसमध्ये काही केलं तरी फरकच पडत नाही" याचं हे पहिलं कारण. एपीओ वापरायचा असेल तर एन्हान्समेंट्स चालू ठेवा आणि लॅपटॉप कंपनीचं साउंडचं जे वेगळं ॲप असतं, त्यातले इफेक्ट तेवढे बंद करा. डोंगल लावला तर तो नवा डिव्हाइस, त्याच्यावर पुन्हा खूण करावी लागते.

शाहूपुरी_पिंग

बरोबर आहे, माझी ओळ चुकली. एन्हान्समेंट्स एपीओ नसेल तरच बंद. फोनवर अँड्रॉइडला वेव्हलेट ॲप आहे. त्यात मॉडेलचं नाव शोधलं की तयार दुरुस्ती लागते.

तंबोऱ्याच्या_तारा

लावणीबरोबर जुनं शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी थोडं. अल्लादिया खाँसाहेब १८९५ मध्ये शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि जयपूर-अत्रौली गायकी कोल्हापुरात रुजली, त्यामुळं आपल्याकडं केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या ऐकणारे कान अजून आहेत. त्या रेकॉर्डिंगमध्ये वरच्या पट्टीत गाणं जवळजवळ नसतंच, असतो तो सुईचा खरखराट. उजळ इन-इअर नेमका तोच पुढं आणतो आणि गळा मागं राहतो. अशा गाण्यासाठी वानर सगळ्यात सुखाचा. तंबोऱ्याची जवारी (तारेची झणझणीत गुंज) नीट ऐकू येते का हीही परीक्षा घ्या: खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून वरचे स्वर एकामागून एक उलगडत जायला हवेत. केझेडसारख्या मधली पट्टी दाबलेल्या आवाजात ते उलगडणं तुटतं, फक्त खालचा गुंजारव आणि वरची चमक राहते. या तबकड्या मोनो आहेत, त्यामुळं गळा बरोबर कपाळाच्या मध्यभागी यायला हवा. एका बाजूला सरकला तर टिप, जाळी किंवा वायर, तिघांपैकी एकात बिघाड आहे.

हलगी_कैताळ

ताई, जवारीची परीक्षा फार चांगली सांगितलीत. वानरला माझं मत पक्कं.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

मग वानरवर येतोय. माइकवालं घेऊ की बिनमाइकचं? आणि घ्यायचं कुठून?

तिकटीवरचा_ट्वीटर

कानामागून येणाऱ्या वायरीवरचा माइक छातीच्या वर लोंबतो आणि शर्टाला घासतो. समोरच्याला खरखर जाते. मोबाइलवर खेळताना दुसरा इलाज नाही, तिथं माइकवालंच घे आणि वायरीची सरकती गाठ हनुवटीखाली ओढ, म्हणजे माइक हलत नाही. लॅपटॉपला वेगळा यूएसबी माइक परवडला तर उत्तम. नाहीतर विंडोजच्या साउंडमध्ये इनपुट म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवड. कानातून आवाज बाहेर येत नसल्यानं प्रतिध्वनी होत नाही.

घ्यायचं तर हेडफोन झोन, कॉन्सेप्ट कार्ट यांच्यासारख्या भारतातल्या विक्रेत्यांकडून, बिल आणि वॉरंटीसकट. अलीएक्स्प्रेसवर आपल्याकडं नोव्हेंबर २०२० पासून बंदी आहे, तिथल्या किमती बघून तुलना करत बसू नको. खोकं उघडताना व्हिडिओ काढ. आल्याबरोबर डावं-उजवं आणि माइक तपास, बदलून घ्यायची मुदत थोडी असते.

पंचगंगेचा_काठ

जून ते सप्टेंबर आपल्याकडं हवा किती ओली असते ते सांगायला नको. इन-इअरचा त्या दिवसांतला नेहमीचा रोग म्हणजे एका बाजूचा आवाज कमी होणं. ड्रायव्हर गेला असं वाटतं, पण बहुतेक वेळा नळीच्या तोंडावरची जाळी बंद झालेली असते, घामाच्या थेंबानं किंवा कानातल्या मळानं. टिप काढा आणि मोबाइलच्या टॉर्चखाली जाळी तिरपी धरा. कोरड्या जाळीची भोकं मॅट दिसतात, पाण्यानं भरलेली चकाकतात. चकाकत असेल तर तोंड खाली करून टिश्यू पेपरवर हलके टेकवा, पाणी कागद ओढून घेतो. मळ असेल तर मऊ सुका ब्रश, तोही नळी खालीच ठेवून, म्हणजे कचरा आत न जाता बाहेर पडतो. टाचणी घालू नका, जाळी फाटते आणि पुढं थेट पडदा असतो. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. हेअर ड्रायर तर नकोच.

रोज वापर झाल्यावर पुसून, सिलिका जेलची पुडी टाकलेल्या छोट्या हवाबंद डबीत ठेवायचं. पुडी नव्या चपलांच्या खोक्यातली चालते. पारदर्शक वायर काही महिन्यांत आतून हिरवी होते. तांब्याला घाम लागतो म्हणून. आवाजात फरक पडत नाही.

शाहूपुरी_पिंग

लॅपटॉपवर चार्जर लावल्यावर "घूं" येत असेल तर आधी चार्जर काढून ऐका. आवाज गेला तर दोष अर्थिंगचा, इन-इअरचा नाही. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या ॲडॉप्टरमध्ये घातलेला असतो. अर्थिंग असलेल्या सॉकेटला थेट लावा. डेस्कटॉपला पुढचा जॅक कुरकुरत असेल तर मागचा वापरा, पुढच्याची वायर कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डाजवळून येते.

आणि आवाज किती ठेवायचा: जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा हिशेब ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे. ९० ला फक्त ४ तास. पावलं ऐकायला आवाज वाढवत गेलात तर रोजच्या दोन तासांत आठवड्याचा कोटा मंगळवारीच संपतो. म्हणून आधी सील, मग इक्वलायझर, आणि आवाज सगळ्यात शेवटी.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

वानर आलं. बिनमाइकचं घेतलं आणि माइकची वायर वेगळी घेतली, ०.७८ मिमी दोन पिनची. मूळ वायरीवर आवाज मस्त. माइकच्या वायरीवर मात्र घुमकं गायब, आणि गाणाऱ्याचा आवाज मध्ये न येता डोक्याच्या मागं कुठंतरी पसरल्यासारखा. दोन्ही बाजू वाजतायत, आवाज सारखाच आहे. सील तपासलं, ठीक आहे. वायर खराब आलीय का?

गोकुळ_शिरगाव_सोल्डर

वायर परत करू नका. एक प्लग उलटा बसलाय. दोन पिनांपैकी एक अधिक, एक उणे. एका बाजूला त्या उलट झाल्या की डावा पडदा पुढं येतो तेव्हा उजवा मागं जातो. खालची पट्टी दोन्ही कानांत सारखीच असते, ती एका कानात उलटी पोचली की मेंदूला एकत्र लागत नाही, म्हणून घुमकं गेलं. मधला गळाही त्यामुळंच पसरला. मूळ वायरीला कानामागचा वळलेला भाग आहे, त्यामुळं ती आपोआप बरोबर बसते. नव्या वायरीला ते वळण नसेल तर चपटा प्लग दोन्हीकडून जातो.

फक्त एका बाजूचा प्लग सरळ बाहेर ओढा, हलवत काढू नका, पिना वाकतात. १८० अंशात फिरवून परत घाला. दुसऱ्या बाजूला हात लावू नका, दोन्ही फिरवले तर पुन्हा होतं तिथंच याल. मग मोनो गाणं लावून बघा.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

उजवीकडचा फिरवला. घुमकं आलं परत, आणि गळा बरोबर मध्ये.

गोकुळ_शिरगाव_सोल्डर

मग आता दोन्ही प्लगवर आणि त्यासमोर इन-इअरवर, बाहेरच्या बाजूला, नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्या. वाळल्यावरच घाला, भोकात उतरू देऊ नका. पुढच्या वेळी जाळी साफ करायला वायर काढाल तेव्हा ठिपक्याला ठिपका जुळवायचा.